चिकू गोड, समुद्र खारा: साखर आणि मीठ दोन्ही विरघळतात, मग वीज एकातूनच का जाते?

डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घोलवडच्या मातीतल्या कॅल्शियममुळे या चिकूची चव वेगळी लागते, असं मानलं जातं. पण मातीतले क्षार आणि फळातली साखर ही रसायनशास्त्रातली दोन वेगळी घराणी आहेत.

फरक नेमका काय?
मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. दोघांवर विरुद्ध प्रभार येतो आणि ते एकमेकांना धरून राहतात. हे आयनिक संयुग. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात. हे सहसंयुज संयुग. पाण्यात मिठाचे आयन सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखरेचे रेणू अखंड राहतात, त्यांच्यावर प्रभार नसतो; म्हणून वीज जात नाही. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, साखर २०० अंशांच्या आतच वितळून करपू लागते.

बागायतदाराला याचं काय?
माती परीक्षणाच्या अहवालात ‘ईसी’ म्हणजे विद्युत वाहकतेचा रकाना असतो. जमिनीत विरघळणारे क्षार किती, हे त्यावरून कळतं. किनाऱ्यालगतच्या बागेत खारं पाणी शिरलं की हा आकडा चढतो. म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं तरी चढतो, कारण ते आयनिक. युरिया मात्र सहसंयुज. तो टाकल्या टाकल्या मीटर फारसा हलत नाही. जमिनीतली विकरं त्याचं अमोनियममध्ये रूपांतर करतात, तेव्हा कुठे आयन तयार होतात. म्हणजे ईसी कमी दिसला म्हणून खत पडलेलंच नाही, असं समजू नये.

पाठांतर पुरेसं नाही
‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला दोन रकाने पाठ असले की गुण मिळतात. पण तो तक्ता सगळीकडे चालत नाही. हायड्रोजन क्लोराइड वायू सहसंयुज आहे, तरी पाण्यात तो आयन देतो आणि वीज वाहते. चुनखडीत तर दोन्ही बंध आहेत: कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये सहसंयुज, त्यांचा गट आणि कॅल्शियम यांच्यात आयनिक.

म्हणून घोलवड, बोर्डी, डहाणूच्या शाळांत हा धडा घरच्या माती अहवालापासून सुरू व्हायला हवा. सोबत नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, मीठपाणी आणि साखरपाणी एवढं पुरे. इलेक्ट्रॉन दिला की वाटून घेतला, हे कळलं तर तक्ता घोकावा लागत नाही. आणि अहवालातला तो आकडा वाचणारं घरातच कुणीतरी तयार होतं.