तुरटपणाची परीक्षा

जांभळे खाऊन झाली की जिभेची जी अवस्था होते तिला आपण 'तुरट' म्हणतो. या शब्दाचा अर्थ सहा वर्षांच्या पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. इंग्रज माणसाला मात्र एवढीशी गोष्ट सांगायला वैद्यकाच्या पुस्तकातला जडशीळ शब्द उसना आणावा लागतो. आपल्या पूर्वजांनी तर 'कषाय' म्हणून या चवीला षड्रसांच्या पंगतीत मानाचे पान मांडले. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात, ही चव नव्हेच, हा स्पर्श! फळाच्या सालीतली टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, तोंडातले वंगण नाहीसे होते आणि जीभ खरखरीत लागू लागते. गंमत अशी, की आयुर्वेदानेही कषायाची खूण सांगताना जिभेचा ताठरपणा आणि जडपणाच सांगितला आहे.

या शब्दाचा आज मला उमाळा आला तो फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतातल्या तांबड्या वाइनमुळे. त्यातही तरुण, अजून पिंपातच असलेल्या वाइनमुळे. दिवाळीच्या अंकात हा कसला विषय, म्हणून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील त्यांना सांगतो, की या विद्येतले खरे पारखी घोट घेतात, तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. दिवसाकाठी डझनावारी नमुने चाखायचे म्हटल्यावर दुसरे करणार काय? पिकदाणीची परंपरा असलेल्या समाजाने तरी याला नाक मुरडू नये.

बोर्दोची तांबडी वाइन सहसा एकाच जातीच्या द्राक्षांची नसते. मुख्य जाती दोन, कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि मर्लो. जोडीला कॅबर्ने फ्राँ आणि कोठे चिमूटभर पती व्हेर्दो. या मिश्रणामागे रसिकता आहे तशी शेतकऱ्याची धास्तीही आहे. समुद्र जवळ, हवेचा भरवसा नाही. मर्लो लवकर फुटते आणि लवकर पिकते, म्हणून वसंतातल्या हिमाचा फटका तिला आधी बसतो. कॅबर्ने उशिरा फुटते आणि उशिरा पिकते, म्हणून शरदातल्या पावसाची भीती तिला अधिक. एक बुडाली तर दुसरीने तारावे, असा हिशेब. तोही दरवेळी जमतोच असे नाही. २०१७ सालच्या एप्रिलात असे हीव पडले, की त्या वर्षीचे उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी घटले. कॅबर्नेला मेदॉकमधली खडीची जमीन मानवते, मर्लोला पोमरॉलमधली चिकणमाती. कॅबर्ने म्हणजे घराचे वासे आणि तुळया. मर्लो म्हणजे भिंतीवरचा गिलावा.

काव्यप्रकाशकार मम्मटाने रसाच्या आस्वादाला पानकरसाची उपमा दिली आहे. पन्ह्यात साखर असते, मिरे असते, आणखी काय काय असते. पण पिणाऱ्याला लागते ती सगळ्यांची मिळून एकच चव. तरुण बोर्दोत नेमके हेच अजून साधलेले नसते. ओकच्या लाकडाचा वास वेगळा येतो, फळाचा वेगळा, आणि तुरटपणा या दोघांशीही फटकून बसलेला असतो. सणाला एकत्र जमलेल्या पण अजून बोलू न लागलेल्या भावंडांसारखा हा प्रकार. त्यांचे पुढे जमेल की नाही, हे आजच सांगणे म्हणजे तिची परीक्षा.

ती करायची कशी? पेला तिसरा हिस्साच भरावा आणि पांढऱ्या कापडावर तिरपा धरावा. कड जांभळी असेल तर वाइन कोवळी; विटकरी होऊ लागली असेल तर वय झाले. मग वास. पेला आधी स्थिर ठेवून, मग गरगर फिरवून. कॅबर्नेची द्राक्षे पुरती पिकली नसतील तर चक्क ढोबळ्या मिरचीचा वास येतो. ही कविकल्पना नव्हे. दोहोंत वास देणारे द्रव्य एकच आहे. लवंगेची आठवण आली तर ती पिंपाची करामत, कारण लवंगेतले युजेनॉल ओकच्या लाकडातही असते. २२५ लिटरच्या नव्या कोऱ्या पिंपाचा असा वास फळाला झाकून टाकत असेल, तर मी तरी अशा वाइनविषयी साशंक राहीन. फोडणी खमंग झाली म्हणून भाजी चांगली झाली, असे होत नाही.

आता घोट. पहिली जाणीव तुरटपणाची होणार. पुष्कळजण तेथेच तोंड वाकडे करून निकाल देऊन टाकतात. वास्तविक परीक्षा तेथून सुरू होते. वाइन तुरट आहे काय हा प्रश्नच नव्हे, तरुणपणी ती तुरट असायचीच. प्रश्न तुरटपणाच्या जातीचा आहे. हिरडा चघळला तर तोंड कोरडे पडते. कच्चे केळे जिभेवर राप चढवते. ते अपक्वतेचे लक्षण. जांभूळ तुरट खरे, पण त्या तुरटपणात गर आहे, गोडी आहे. आणि आवळ्याची तर तऱ्हाच न्यारी: आधी आंबट-तुरट, आणि वर घोटभर पाणी प्यावे तर ते साखरेसारखे! कोवळ्या वाइनमध्ये जांभूळ किंवा आवळा सापडला तर ती ठेवून द्यावी. वर्षे जातील तशी तुरटपणाची धार बोथट होते, काही भाग तळाशी साक्यात बसतो. केवळ हिरडा सापडला तर वाट पाहण्यात अर्थ नाही. धार जाईपर्यंत फळही गेलेले असते. थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते हेही मोजतात. फ्रेंचांनी त्यासाठी 'कोदाली' नावाचे माप केले आहे. एक कोदाली म्हणजे एक सेकंद.

हे सारे शौकापुरते असते तर प्रश्न नव्हता. पण बोर्दोत शरदात तोडलेल्या द्राक्षांची वाइन पुढच्या एप्रिलच्या सुमारास, जेमतेम सहा महिन्यांची असताना, जगभरच्या पारख्यांपुढे ठेवतात. तिच्यावर गुण पडतात, गुणांवर भाव ठरतो, गिऱ्हाईक पैसे मोजते आणि बाटली हाती येते पुढे वर्ष-दोन वर्षांनी. ही गुण देण्याची पद्धत रूढ केली रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने. १९८२ सालची बोर्दो पिंपात असतानाच त्याने तिची मुक्तकंठाने तारीफ केली. ही फार मऊ आहे, टिकायची नाही, असे काही जाणते म्हणत होते. वाइन टिकली, आणि पार्करचा शब्द बाजारात वेदवाक्य झाला. त्याच्या शंभर गुणांच्या मापात ५० गुण पेल्यात हजर राहिल्याबद्दलच मिळतात! पोटासाठी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मजसारख्याला या औदार्याचा हेवा वाटतो. पण पिंपातल्या नमुन्याला त्याने नेमका आकडा न देता ९२ ते ९४ असा पल्ला ठेवला, हा त्याचा सुज्ञपणा. कच्च्या खर्ड्यावर कादंबरीला पारितोषिक देताना एवढी तरी फट ठेवावीच.

बरे, पारख्यांची जीभ तरी स्वतंत्र असते काय? बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन निर्गंध तांबड्या रंगात रंगवून दिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग सांगतो, की त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनी केले. डोळ्याने नाकाला दटावले! मला यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो तो असा, की रंग नाकाला फसवू शकेल, पण तुरटपणा नुसत्या रंगाने अंगी येत नाही. तो जिभेला घासून सांगावा लागतो. म्हणून कोवळ्या वाइनच्या बाबतीत मी आकड्यापेक्षा त्या खरखरीवर विश्वास ठेवीन.

कोणाच्या घरी परदेशातून अशी कोवळी बाटली आलीच, तर तांबड्या रश्श्याबरोबर ती उघडू नये. तिखट आणि तुरट एकमेकांना चेतवतात. बेताच्या मसाल्याचे मटण किंवा चीज बरे, कारण टॅनिन मग लाळेऐवजी त्यातल्या प्रथिनांच्या मागे लागते. आणि सगळी एका बैठकीत संपवू नये. अर्धी बूच लावून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चाखावी. फळ पळून नुसता हिरडा उरला असेल, तर पुढची बाटली घ्यायचे कारण नाही. कालच्यापेक्षा आज बरी लागली, तर दुसरी आणावी आणि घरातल्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात दहा वर्षे आडवी ठेवून द्यावी.