जठराला पट्टा बांधला; पुढे ताटाचे काय?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांपैकी कोणती अधिक चांगली, या जुन्या वादाला २०२५मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर मिळाले. ब्रिटनमधील ‘बाय-बँड-स्लीव्ह’ या चाचणीत तेराशेहून अधिक रुग्णांचे तीन गट करून तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. जादा वजनापैकी किमान निम्मे वजन उतरवणाऱ्यांचे प्रमाण गॅस्ट्रिक बायपासच्या गटात ६८ टक्के, स्लीव्हच्या गटात ४१ टक्के आणि गॅस्ट्रिक बँडच्या गटात अवघे २५ टक्के निघाले. रुग्णांनी आणि शल्यविशारदांनी बँडचा निकाल तसा आधीच लावला होता. अमेरिकेत २०११मध्ये अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३५ टक्के बँडच्या होत्या. २०१६पर्यंत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या खाली घसरले.

मग आता त्याबद्दल लिहायचे कशाला? एक कारण सरळ आहे. बाजारातून गेलेला बँड माणसांच्या पोटातून गेलेला नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत तो बसवलेली माणसे आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आहेत, ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांतही असतील, आणि त्यांना रोज जेवायचे आहे. दुसरे कारण असे, की भूक कमी करणारी इंजेक्शने आपल्याकडे आल्यापासून ‘थोडे खाऊन नीट कसे जगायचे’ हा प्रश्न आता काही शस्त्रक्रियावाल्यांपुरता राहिलेला नाही. बँडच्या उदयास्तात त्या प्रश्नाची बरीचशी उत्तरे सापडतात.

बँड म्हणजे सिलिकॉनचा पट्टा. जठराच्या अगदी वरच्या टोकाला तो बांगडीसारखा बसवतात, त्यामुळे वर काही चमचेच मावतील असा छोटा कप्पा तयार होतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. तो एका बारीक नळीने पोटाच्या त्वचेखालच्या पोर्टला जोडलेला असतो. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढले की सैल होतो. दुर्बिणीतून हा पट्टा बसवण्याची सुरुवात बेल्जियममध्ये १९९३मध्ये झाली, अमेरिकेत २००१मध्ये परवानगी मिळाली. काही कापायचे नाही, आतडे वळवायचे नाही, नको वाटले तर काढून टाकता येते. त्यामुळे त्याचे आकर्षण मोठे होते. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१३मध्ये बँडच बसवून घेतला होता.

‘पोट लहान झाले, म्हणजे आपोआप कमी खाल्ले जाईल’ हा समज मात्र बँडच्या मुळावर आला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले शल्यविशारद पॉल ओब्रायन यांनी आयुष्यभर याच उपकरणावर काम केले. त्यांचे म्हणणे असे, की बँड हे धरण नव्हे. घास त्याच्यावर साठून राहणे अपेक्षितच नाही. जठराच्या वरच्या भागातल्या मज्जातंतूंवर हलका दाब राहतो आणि त्यातून तृप्तीची जाणीव लवकर होते, हे त्याचे खरे काम. नीट चावलेला छोटा घास पट्ट्याच्या खाली उतरायला मिनिटभर लागू शकते. त्याआधी दुसरा घास गेला, मग तिसरा, की वरचा कप्पा आणि हळूहळू अन्ननलिकाही ताणली जाते. तोठरा बसतो, उलटी होते. म्हणून त्यांचा नियम साधा होता: अर्धा कप अन्न, छोटे घास, दोन घासांत मिनिटभराचे अंतर आणि वीस मिनिटांत जेवण बंद. ताटात उरले तरी बंद.

हे पाळले गेले तर बँड चालत असे. ऑस्ट्रेलियातच झालेल्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुकताच मधुमेह जडलेल्या ६० रुग्णांपैकी बँड बसवलेल्या गटात ७३ टक्के जणांचा मधुमेह दोन वर्षांनंतर आटोक्याबाहेर नव्हे, तर चक्क माघारी गेलेला दिसला. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. उपकरण तेच, पण त्या रुग्णांमागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सतत उभे होते. इतरत्र बँड बसवला, टाके काढले आणि रुग्ण आपापल्या स्वयंपाकघरात परत गेला. तिथेच फरक पडला, असे माझे मत आहे.

आपले स्वयंपाकघर या नियमांना फारसे अनुकूल नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नेहमीचे घट्ट अन्न, असा क्रम सहसा असतो. घरचे मात्र ‘एवढे ऑपरेशन झालेय’ म्हणून महिनोन्‌महिने मऊ भात, पातळ वरण, पेज, खीर यांवरच ठेवतात. पथ्याचे म्हणून हे प्रेमाने दिले जाते, पण बँडच्या बाबतीत ते उलटे पडते. पातळ अन्न पट्ट्यातून सरळ खाली जाते, तृप्ती येत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. जखम भरल्यानंतर या माणसाला घट्ट, चावून खायचे अन्नच हवे.

पण घट्ट म्हणजे कोणतेही नव्हे. मऊ पाव आणि ताजी लुसलुशीत पोळी तोंडात गोळा होते आणि पट्ट्याशी अडते. मोकळ्या नसलेल्या भाताचेही तेच. त्यापेक्षा खरपूस शेकलेली भाकरी बारीक चावली तर अनेकांना सोपी जाते. गवारीचे दोर, पालेभाजीचे देठ, संत्र्याच्या फोडीवरची साल, मक्याचे दाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, कोरडे पडलेले चिकन ही अडणाऱ्यांची ठरलेली यादी. मासे त्या मानाने सुखाचे. आणि पाणी जेवताना नको, जेवणानंतरही अर्धा तास नको. घास अडला की पाण्याचा घोट घ्यायची आपली जन्मजात सवय इथे मोडावी लागते. ताक, सोलकढी, सार ही जेवणाची सोबत राहत नाही. त्यांना दोन जेवणांच्या मधली वेळ द्यावी लागते.

अर्ध्या कपात काय बसवायचे, हा खरा हिशेब. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा या शस्त्रक्रियांनंतरचा सर्वसाधारण दंडक आहे. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि केस गळू लागतात. मांसाहारी माणसाला हे जमते: सकाळी दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, दुपारी मूठभर शिजलेले मासे १५ ते १८, रात्री तेवढेच चिकन, मध्ये एक पेला दूध आणि थोडा चक्का. शाकाहारी ताटाची पंचाईत होते. वाटीभर घट्ट वरण पाच ग्रॅम, वाटीभर मुगा-मटकीची उसळ सात-आठ, पन्नास ग्रॅम पनीर नऊ, वाटीभर दही चार-पाच, एक पेला दूध सहा-सात. एवढे सगळे खाल्ले तरी आकडा पस्तिशीच्या आत राहतो, आणि अजून पोळीचा तुकडाही मोडलेला नाही. पिठले, मुगाचे धिरडे, सोयाबीनचा चुरा घातलेला खिमा यांनी भर पडते, पण सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक शाकाहारी रुग्णांना प्रथिनांची पावडर लागतेच. म्हणून ताटातला क्रम बदलायचा: आधी उसळ, पनीर किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी किंवा भात. भाताच्या मुदीभोवती बाकीचे ताट मांडणाऱ्या संस्कृतीला हे उरफाटे वाटेल, त्याला इलाज नाही.

उपवासाचे गणित आणखी बिकट. साबुदाण्याची खिचडी म्हणजे चिकट पिष्ट आणि तूप. प्रथिने म्हणाल तर दाण्याच्या कुटाची तेवढी. ती अडतेही आणि पोसतही नाही. उपवास करायचाच तर दही, दूध, पनीर, राजगिरा यांवर करावा; मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बँडला फसवणारे पदार्थ कोणते, हे दिवाळीत सगळ्यांत चांगले कळते. पेढा, बर्फी, श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम, मँगो मिल्कशेक तोंडात विरघळतात आणि पट्ट्यातून विनाअडथळा जातात. चकली, शेव, चिवडा यांचा चावून भुगा होतो, तेही जातात. भाजी-भाकरी अडते आणि शेव-बर्फी जाते, मग माणूस हळूहळू त्याच वाटेने जातो. यात चटोरेपणापेक्षा बरेचदा पट्टा फार आवळलेला असतो. वजन वाढते म्हणून रुग्ण आणखी आवळून मागतो, घट्ट अन्न आणखी अडते, गोड-मऊ आणखी वाढते. अशा वेळी उपाय पट्टा थोडा सैल करण्याचा असतो. हे रुग्णाला पटवणे मोठे कठीण.

आणखी एक गोष्ट आहारतक्त्यात कधी लिहिलेली नसते. वीस मिनिटे बसून, एकेक घास चावत जेवणे हे अनेक घरांत बाईला परवडतच नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर, ओट्याशी उभ्याने, उरलेले संपवत पाच मिनिटांत जेवायची सवय असलेल्या बाईच्या जठराला पट्टा बांधून उपयोग काय? ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार चांगला आहे, पण पातेल्यातले उरलेले दोन घास तिच्याच वाट्याला का यावेत? समुपदेशन करायचे तर ते एकट्या रुग्णाचे करून भागत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘माझ्या हातचा एक घे’ म्हणून जिलबी वाढणाऱ्यांनाही समोरच्याचा ‘नको’ हा शिष्टाचाराचा नाही, हे कळले पाहिजे.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांवर सोडायची नसतात. आडवे पडल्यावर आंबट पाणी वर येणे, रात्री खोकल्याने जाग येणे, आधी जमणारे अन्न अचानक अडू लागणे, पोर्टच्या जागी लाली किंवा पू, पोटात जोराची कळ यांपैकी काहीही झाले तरी पट्टा सरकला असेल, जठरात रुतला असेल किंवा जास्त आवळलेला असेल. स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दिवस-दोन दिवस सतत उलट्या होत असतील तर धोका वेगळाच असतो. शरीरातला ब१ जीवनसत्त्वाचा साठा छोटा असतो आणि तो काही आठवड्यांच्या अपुऱ्या खाण्यानेच संपत येतो. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी आपल्याकडच्या सवयीप्रमाणे थेट ग्लुकोजचे सलाईन लावले, तर उरलासुरला ब१ वापरला जाऊन मेंदूला इजा होऊ शकते. गोंधळल्यासारखे होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे. म्हणून ग्लुकोजआधी ब१चे इंजेक्शन द्यायचे असते. गावातल्या डॉक्टरांना ‘मला बँड बसवलेला आहे आणि इतके दिवस उलट्या होताहेत’ एवढे वाक्य सांगितले तरी पुष्कळ काम होते.

आता पैशांचा मुद्दा. २०१९च्या विमा नियमांनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला विमा मिळायचा तर शरीरभार निर्देशांक ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा लागतो. हे आकडे मुळात १९९१च्या अमेरिकी शिफारशींचे आहेत. शल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२मध्ये ती मर्यादा खाली आणली. आशियाई लोकांसाठी तर २७.५पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, असे म्हटले. मर्यादेवर वाद जरूर व्हावा. पण शस्त्रक्रियेचे बिल भरणारी पॉलिसी दीड वर्षानंतरच्या आहारतज्ज्ञाची फी, रक्ततपासण्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्या सहसा भरत नाही, यावर कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये किमान दोन वर्षे विशेष पथकाकडे पाठपुरावा आणि नंतर दरवर्षी तपासणी, अशी शिफारस आहे. आपल्याकडे हा पाठपुरावा रुग्णाच्या खिशावर आणि उत्साहावर सोडलेला आहे.

इंजेक्शनांच्या बाबतीत हीच चूक मोठ्या प्रमाणात होऊ घातली आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५मध्ये आपल्याकडे आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची. ती सरल्यावर स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते. औषध थांबवल्यानंतर वर्षभरात गमावलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत येते, हे चाचण्यांतून दिसले आहे. औषध चालू असताना भूक मरते, जेवण अर्ध्यावर येते, आणि त्या अर्ध्यात प्रथिने किती याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सुई आठवड्यातून एकदा टोचायची आहे, ताट मात्र रोज दोनदा समोर येणार आहे.

ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांनी एक काम या महिन्यातच करावे. ज्यांनी तो बसवला ते शल्यविशारद आता निवृत्त झाले असतील किंवा बँडचे काम करत नसतील, तर आपल्या शहरात पट्टा सैल-घट्ट करणारे कोण आहे, हे आधीच शोधून ठेवावे, आणि पट्ट्याची कंपनी, आकार व शेवटी किती मिलिलिटर सलाईन भरले याचा कागद जवळ बाळगावा. पोर्टसाठी खास टोकाची सुई लागते. नेहमीच्या सुईने पोर्टचा पडदा कापला जाऊन सलाईन गळू लागते, आणि मग जेवणात काहीच बदल केलेला नसताना भूक का वाढली, हे महिनोन्‌महिने कळत नाही.