पिल्लाचा धनी

परदेशी अनेक वर्षे काढून मुंबईच्या उपनगरांत पुन्हा बिऱ्हाड थाटण्याचा मनसुबा बाळगणाऱ्या, किंवा इकडच्या आपल्या भावंडांना दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या आपल्या परदेशस्थ मराठी मंडळाच्या सभासदांपुढे मी आज एक अगदी घरगुती प्रश्न मांडीत आहे. आणि तो घरगुती आहे म्हणूनच त्याचा विचार व्हावा तितक्या गांभीर्याने होत नाही, अशी माझी तक्रार आहे. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असताना शिकारी जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणावे काय, हा तो प्रश्न. माझे उत्तर असे की, ‘मुलांसाठी’ म्हणून ते कदापि आणू नये. घरातील एखाद्या कर्त्या माणसाला ते स्वतःसाठी हवे असेल, आपली पहाट रोजच्या रोज त्याच्या हवाली करण्याची त्याची तयारी असेल, आणि धाकटे मूल सांगितलेला नियम पाळण्याच्या वयाचे झाले असेल, तरच आणावे.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझा मुलगा व सून परदेशातून मुलुंड पूर्वेला आमच्याकडे कायमचे परत आले, तेव्हा नात सहा वर्षांची व नातू अडीच वर्षांचा होता. तिकडे त्यांच्या घराला कुंपण घातलेले परसू होते, शेजारच्या प्रत्येक घरी कुत्रा होता, आणि देश बदलल्याने कावरीबावरी झालेल्या मुलांना काहीतरी आपले म्हणता यावे, या हेतूने मुलाने सहा महिन्यांच्या आत मुधोळ हाउंडचे एक पिल्लू घरी आणले. हेतू निर्मळ होता, हे मी आई म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून लिहिते.

मुधोळ हे नाव मराठी माणसाला परके नाही. घटप्रभेच्या काठचे ते घोरपडे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या प्रांतरचनेपर्यंत आपल्याच राज्यकारभाराचा भाग होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना नजर केली होती. परंतु राजदरबारी पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनच्या माळावरचे मेंढपाळ आणि शेतकरी ‘कारवान’ या नावाने हीच जात सांभाळीत आले आहेत. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, पुढे सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात तिला प्रशिक्षण मिळाले, आणि २०२० च्या ऑगस्टात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्री पाळण्याचे आवाहन करताना तिचा नामोल्लेख केला. देशी वाणाचा अभिमान मलाही आहे. परंतु ज्या गुणांसाठी माळरानाने तो वाण शतकानुशतके निवडून निवडून घडविला, ते गुण सहाव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेत शिरताना दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाहीत.

ही जात वासावर नव्हे, नजरेवर शिकार करते. दूरवर काही हालले, धावले, की मान वर होते आणि क्षणार्धात देह बाणासारखा सुटतो; मागून मारलेली हाक त्या वेळी त्याच्या कानावर पडते की नाही, याची मला शंका आहे. आता अडीच वर्षांचे मूल दिवसभर काय करते? ते धावते, किंचाळते, हातातला खाऊ हालवीत पळते आणि पडते. म्हणजे जे जे पाहून कारवानाच्या रक्तातील उपजत प्रेरणा जागी व्हावी, ते ते सर्व ते निरागसपणे करीत असते. पिल्लू सहा-आठ महिन्यांत मुलाला सहज लोळवील एवढे होते, वर्ष-दीड वर्षात त्याचा खांदा सव्वादोन फुटांवर पोहोचतो. मुलाचे तोंड मात्र तोवर त्याच्या तोंडाच्या उंचीवरच राहिलेले असते. यात कुत्र्याचा दुष्टपणा नाही आणि मुलाचा अपराधही नाही. म्हणूनच दोघांच्या मध्ये एक जागे, मोठे माणूस सतत असावे लागते, आणि ते कोण, हे पिल्लू आणण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

आमच्या घरी ते ठरले नव्हते. मुलगा सव्वाआठच्या जलद गाडीने जाई, सून त्याच्या आधी निघे, नात शाळेत, आणि मागे मी, माझे गुडघे, नातू आणि पिल्लू. घाटकोपरला, अंधेरीला, बोरिवलीला ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा माझ्या वयाच्या कोणत्याही बाईला विचारा. कुत्रा नातवंडांच्या नावाने येतो आणि आजीच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या गळ्यात पडतो, हेच ती सांगेल. इतकेच नव्हे, तर परदेशी असलेली मुले ‘आईबाबांना सोबत’ म्हणून लहानसे पिल्लू परस्पर पाठवितात, तेव्हा सत्तरीच्या माणसाला ओढून नेण्याइतके बळ त्या सोबतीच्या अंगी वर्षभरात येणार आहे, हा हिशेब कोणीच केलेला नसतो.

त्यात विक्रेत्याने आमचे पिल्लू पाच आठवड्यांचे असतानाच आमच्या हवाली केले. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास सक्त मनाई आहे, हे आम्हांला मागाहून कळले. या मनाईमागे केवळ भूतदया नाही. चावा किती जोराचा घ्यावा आणि कोठे थांबावे, हे पिल्लू आपल्या भावंडांशी झोंबताना शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते, खेळ मोडतो, आई गुरकावते. ती शाळा अर्धवट सुटलेले आमचे पिल्लू तो धडा माझ्या नातवाच्या हातापायांवर गिरवू लागले.

मग पावसाळा आला. उपनगरातला पावसाळा म्हणजे काय, हे तिकडे राहून माणूस विसरतो. मिठागर रोडच्या बाजूला पाणी तुंबलेले, त्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे भय, घरात परतताच पंजे पुसण्याची आणि कानामागे गोचीड शोधण्याची घाई, कारण गोचिडीतून कुत्र्याला येणारा ताप जीवघेणा ठरतो. प्रत्येक गल्लीच्या भटक्या कुत्र्यांची आपापली सरहद्द असते, तेव्हा साखळी सोडून पळवायला मोकळी जागा नाही. पश्चिमेला डोंगराकडे न्यावे, तर तो राष्ट्रीय उद्यानाचा काठ, आणि तेथील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. पळण्यासाठी जन्मलेला जीव दिवसाकाठी वीस मिनिटे साखळीने फिरविला गेला, आणि उरलेले बळ त्याने सोफा, चपला आणि नातवाची खेळणी यांवर खर्च केले. मी त्याला दोष देत नाही.

अपघात व्हायचा तो श्रावणात झाला. पिल्लू तेव्हा पाच महिन्यांचे होते. टेबलाखाली ते गाढ झोपलेले असताना नातू धावत येऊन त्याच्या अंगावर कोसळला, आणि दचकून उठलेल्या पिल्लाचा दात त्याच्या भुवईवर लागला. डोळा थोडक्यात बचावला. जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुतली, तत्काळ डॉक्टरांकडे नेले. पिल्लाला रेबीजची लस टोचलेली असूनही जखम चेहऱ्यावरची म्हणून डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन दिले आणि लसीच्या मात्रा ठरल्या दिवशी पुऱ्या करविल्या. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. ती पाच मिनिटे मी आजही विसरलेले नाही.

मुलांना जबाबदारीचे शिक्षण मिळते, हा या बाबतीतला सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद. तो मला मान्य नाही. सहा वर्षांच्या मुलीने पाण्याचे भांडे भरून ठेवावे, हे ठीक. परंतु ती विसरली तर तहानेने व्याकूळ होणारा जीव हे शिक्षणाचे साधन होऊ शकत नाही. आणि निरपराध जनावराला शिक्षा होणे हेही नवे नाही. महाभारताच्या आरंभीच सरमा या देवांच्या कुत्रीची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञमंडपात तिचे पिल्लू आले, त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला तोंड लावले नाही, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले; ते रडत आईकडे गेले, आणि निरपराध पिल्लाला का मारले, या तिच्या प्रश्नाला त्या राजमंडळापाशी उत्तर नव्हते. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच ही फिर्याद नोंदविलेली आहे, याचे मला फार वाटते. आमच्या पिल्लालाही त्या दिवशी ‘वाईट कुत्रा’ म्हणून गॅलरीत बांधले गेले, आणि त्याच्या वतीने फिर्याद करायला कोणी नव्हते.

याच मुंबईत १८३२ साली, सरकारने कुत्री मारण्याचा हुकूम काढला म्हणून पारशी मंडळींनी दंगा केला होता. कुत्र्याविषयीची करुणा या शहराला कमी नाही. कमी आहे तो वेळ, आणि करुणा वेळेची जागा घेऊ शकत नाही. म्हणून ज्यांना मुले लहान असतानाच कुत्रा हवा असेल, त्यांनी निदान पूर्ण वाढलेला, स्वभाव पारखता येईल असा, रस्त्यावरून सोडविलेला शांत देशी कुत्रा पाहावा. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल, हे पैज लावून सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

आमचा कुत्रा आम्ही ठेवला. तो ठेवता आला याचे एकच कारण, अपघातानंतर मुलाने तो आपला आहे असे प्रथमच कबूल केले, कचेरीची वेळ बदलून घेतली, आणि गेली साडेतीन वर्षे तो पहाटे पाचला उठून त्याला घेऊन बाहेर पडतो. घरात जाळीचे दार बसविले. झोपलेल्या व जेवणाऱ्या कुत्र्याजवळ कोणी जायचे नाही, आणि तो अंगावर झेपावला तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे, हे दोन नियम भिंतीवर लिहिले.

गेल्या जूनमध्ये घाटकोपरचे एक जोडपे त्याला पाहायला आले. चार वर्षांचा मुलगा, आठ महिन्यांची मुलगी, आणि मुधोळचेच पिल्लू घ्यायचे म्हणून मनाने जवळजवळ निश्चित. मी त्यांना नको म्हटले नाही. दर रविवारी पहाटे येऊन आमच्याच कुत्र्याला फिरवा, एवढेच सुचविले. भर पावसातले बारा रविवार ते आले. पुढे वडील एकटेच येऊ लागले, मुलाला घेऊन. त्या मुलाने परवा, कुत्रा आनंदाने अंगावर आला तेव्हा, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात अंगाशी धरून, मनात दहापर्यंत आकडे मोजले. पिल्लाचा विषय वडिलांनी अजून पुन्हा काढलेला नाही, आणि मीही विचारलेले नाही.