घरी जुळवलेल्या रायफलीची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेत शस्त्र बाळगण्यास मनाई नसलेल्या व्यक्तीला स्वतःच्या वापरापुरती रायफल घरी जुळवण्यासाठी केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत. या शस्त्रांची चर्चा प्रामुख्याने गुन्हेगारीच्या अंगाने होते, आणि ते स्वाभाविक आहे. माग काढण्यासाठी केंद्र सरकारकडे आलेल्या अनुक्रमांकविरहित शस्त्रांची संख्या 2017 मध्ये सुमारे 1,600 होती. 2021 मध्ये ती 19,000 च्या पुढे गेली. सुट्या भागांच्या काही संचांनाही शस्त्र मानणारा 2022 चा नियम सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 2025 रोजी 7 विरुद्ध 2 मतांनी उचलून धरला. त्यामुळे अशा संचांवर अनुक्रमांक आणि खरेदीदाराची पूर्वतपासणी बंधनकारक ठरली.

मात्र अनुक्रमांकाने माग लागतो, कारागिरीची हमी मिळत नाही. एआर-15 धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफलीत नळीतील वायूचा काही अंश बोल्टला मागे ढकलतो, एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी ओढून काढतो, इजेक्टर ती बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येणारा बोल्ट नवे काडतूस भरतो. वायू, स्प्रिंग आणि बोल्टचे वजन यांचा मेळ बिघडला की पुंगळी अडकते. निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकत्र आणल्यावर हा मेळ आपोआप जमेलच असे नाही.

पुंगळी अडकणे पुष्कळदा केवळ त्रासदायक असते. फुटलेली पुंगळी किंवा नेहमीपेक्षा क्षीण आवाजाचा बार हा मात्र धोक्याचा इशारा होय. क्षीण बारानंतर गोळी नळीतच अडकली असेल, तर पुढचा बार नळी फोडू शकतो. अशा वेळी भाग बदलून पुन्हा बार काढून पाहणे म्हणजे स्वतःच्या हातांवर आणि डोळ्यांवर प्रयोग करणे. गोळीबार थांबवून, शस्त्र सुरक्षितपणे रिकामे करून ते जाणकार बंदूक-कारागिराला दाखवणे हाच विवेक.

कारखान्यातील शस्त्राच्या दोषाला निदान एक धनी असतो. 2014 मध्ये रेमिंग्टनने चापातील दोषामुळे मॉडेल 700 रायफली परत मागवल्या, तेव्हा ग्राहकांना अनुक्रमांकावरून पडताळणी करता आली. ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या कक्षेत बंदुका येत नाहीत. तरीही उत्पादकांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याने सदोष उत्पादनाविरुद्धच्या दाव्याची वाट खुली ठेवली आहे. घरगुती रायफलीत प्रत्येक भाग निर्दोष आणि जुळणी सदोष असेल, तर निर्माता, तपासनीस आणि पीडित एकच व्यक्ती असू शकते. शेजारच्या मार्गिकेवर उभ्या असलेल्या नेमबाजाने मात्र हा धोका पत्करलेला नसतो.

येथील मराठी कुटुंबांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीस शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता शस्त्र बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. संच स्वतः जुळवला म्हणून ती मनाई उठत नाही.

न्यायालयाने शस्त्र कोणाचे, या प्रश्नाच्या उत्तराची वाट मोकळी केली. ते सुरक्षित आहे काय, हा प्रश्न अजून जुळवणाऱ्याच्या सद्सद्विवेकावरच सोपवलेला आहे.