विश्लेषण : सॉफ्टवेअर अपडेट लगेच करावे की थांबावे?

अमरावती, अकोल्यातील पतसंस्था, अडते, महाविद्यालये यांचे हिशेब आता संगणकावर आहेत. सॉफ्टवेअर गावातल्याच तरुणाने बनवलेले असले, तरी त्यातील बराच भाग इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या तयार लायब्ररींचा असतो. त्यांची नवी आवृत्ती आली की संस्थाचालक विचारतात, ‘चालतेय ना? मग हात कशाला लावायचा?’ ही भीती अगदीच चुकीची नाही, पण ती अर्धीच बाजू आहे.

थांबण्यात धोका काय?

डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या जावा लायब्ररीतील त्रुटी उघड झाली. सर्व्हरवरील घडामोडींची नोंद ठेवणे एवढेच तिचे काम. पण विशिष्ट मजकूर पाठवून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. त्रुटी जाहीर झाली की ती हल्लेखोरांनाही कळते. तिथून प्रत्येक दिवस धोक्याचा असतो.

घाईत धोका काय?

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हल्ल्यामुळे न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती. पुढे पसरताना मात्र त्याने विंडोजमधील एका त्रुटीचाही वापर केला. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. म्हणजे एकाच हल्ल्यात दोन्ही धडे. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या दोन ताज्या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा जुन्या आवृत्तीवर असलेले बचावले.

मग करायचे काय?

अपडेट कशासाठी आहे, हे आधी पाहावे. जाहीर झालेली सुरक्षा त्रुटी दुरुस्त होत असेल तर थांबू नये. केवळ नव्या सोयी असतील तर काही दिवस जाऊ द्यावेत. दोन्ही वेळी आधी बॅकअप घ्यावा आणि वेगळ्या संगणकावर चाचणी करावी. नव्या सोयींचे अपडेट 31 मार्चच्या तोंडावर किंवा सोयाबीनची आवक जोरात असताना टाळलेलेच बरे.

खर्च कोणाचा?

खरी अडचण इथेच आहे. सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की देखभालीचे पैसे द्यायला संस्था तयार नसतात आणि फुकटात चाचणी कोणी करत नाही. करारातच लायब्ररींची यादी आणि सुरक्षा दुरुस्तीची मुदत लिहून घेतली पाहिजे. ठेवीदारांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेने तिजोरीच्या कुलपाइतकीच ही देखभालही आवश्यक मानायला हवी.