फरशी उचलली की दोष मिस्त्रीचा?

‘फरशी’ हा शब्द ‘फर्श’पासून आला, मूळ अर्थ अंथरलेले, पसरलेले. ‘तक्तपोशी’ आणि ‘रंदा’ हेही फारसीतून आले आणि मराठीत मुरले. शब्दांना मुरायला आपण पिढ्या दिल्या. लाकडाला मात्र आठ दिवसही देत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान देशभर नावाजलेले. २०२३ मध्ये बल्लारपूरहून ते अयोध्येच्या मंदिरासाठी गेले. आता सिंदेवाहीसारख्या गावातही ज्याच्या हाती चार पैसे आले, त्याला दिवाणखान्यात लाकडी फरशी हवी असते. स्लॅबवर प्लायवुड, त्यावर लाकडी पट्ट्या. उन्हाळ्यात काम होते, पावसाळ्यात पट्ट्यांच्या कडा वर येतात, आणि मिस्त्रीची उरलेली मजुरी अडते. माझ्या मते हा अन्याय आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. म्हणजे खालचा थर स्थिर आणि वरचा हलता. म्हणून भिंतीलगत पट्टीच्या जाडीएवढी फट सोडावी लागते आणि प्लायच्या दोन तक्त्यांमध्ये सुमारे ३ मिलिमीटर. खिळा धरायला प्लाय निदान १८ मिलिमीटरचे हवे. आपल्या हवेत ते आयएस ७१० दर्जाचे, पाण्याला टिकणारे घ्यावे. तीन इंच किंवा अधिक रुंद पट्टी आणि प्लाय यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक नसावा. नवा स्लॅब पुरता वाळलेला नसेल तर खालचा ओलावा वर चढतो. पट्टीचा तळ फुगतो, माथा कोरडा राहतो आणि कडा उचलतात.

यातले मिस्त्रीच्या हातात काय असते? स्लॅब वाळायला वेळ घरमालकाने द्यायचा असतो. स्वस्त प्लाय बहुधा तोच आणतो. निकाहाची तारीखही त्यानेच ठरवलेली असते. वर, कडा उचलल्या की ‘लगेच घासून द्या’ म्हणतो. तसे घासले तर लाकूड वाळल्यावर कडा खाली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. आधी ओल थांबवून वाळू द्यावे, मगच घासावे.

मिस्त्रीची जबाबदारी नाही असे नाही. ओलावा मोजायचे यंत्र काही हजारांत मिळते. ते न वापरता ‘चालते’ म्हणणारा कारागीर स्वतःचेच नुकसान करतो. आपल्या मोहल्ल्यात सुतारकाम आणि पॉलिश करणारी मुले बरीच आहेत. हात कसबी, पण मोजमापाची सवय कमी. आयटीआयच्या वर्गात आणि उस्तादाच्या दुकानातही हे यंत्र हवे.

काम सुरू होण्याआधी स्लॅबचा आणि लाकडाचा ओलावा मोजून कागदावर लिहावा, दोघांनी सही करावी. मग पावसाळ्यात भांडण झालेच, तर आवाज कोणाचा मोठा हे पाहावे लागणार नाही. कागद पाहिला की पुरे.