किल्ली कोणाच्या हातात?

ओझरच्या आमच्या कापड दुकानातला मुनीम काम सोडून गेला. तिजोरीची किल्ली मी त्याच दिवशी परत घेतली. बिलाच्या प्रोग्रामचा पासवर्ड मात्र दोन महिने चालूच राहिला. पार्ट्यांचे भाव, उधारी, सारे त्याला दिसत होते. चूक माझीच.

बिल, स्टॉक, हिशेब यांना वेगवेगळी कुलुपे असली की असे होते. उपाय एकच: माणसाची ओळख एका जागी तपासायची, तो गेला की तिथूनच नाव काढायचे. ही सेवा भाड्याने मिळते. पण २०२३ साली ती देणाऱ्या ओक्टा या अमेरिकन कंपनीच्याच ग्राहक-मदत यंत्रणेत चोर शिरले. दुसरा मार्ग 'कीक्लोक'चा. हा खुला प्रोग्राम २०१४ पासून आहे. लायसन्सचे पैसे नाहीत आणि आपल्याच सर्व्हरवर तो बसतो.

मात्र फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हर, अपडेट, बॅकअप, सारी जिम्मेदारी आपली. तो बंद पडला तर कोणालाच आत जाता येणार नाही. म्हणून एकट्या दुकानदाराने यात पडू नये. आठ-दहा जणांनी मिळून जाणकार माणूस नेमावा. कीक्लोकमध्ये प्रत्येकाचा विभाग वेगळा ठेवता येतो. आधी आपल्या प्रोग्रामवाल्याला विचारा, 'ओपनआयडी कनेक्ट' चालते का? नसेल तर पुढचा खर्च व्यर्थ जाऊ शकतो.

तोवर आज दुकान वाढवण्यापूर्वी गेलेल्या नोकरांचे पासवर्ड बंद करा. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे.